एफओबी, बिल्टी आणि जोखमी हुंडी : परदेशी मालवाहतुकीतील नेहमीचे शब्द

काही वर्षांपूर्वी केळीचा एक व्यापारी आमच्या टेबलासमोर येऊन बसला. कंटेनर बंदरात पोहोचला होता, जहाजाला दोन दिवस उशीर होता, आणि त्या दोन दिवसांत एका रात्री कंटेनरचे थंडाव्याचे मशीन बंद पडले. माल पिकला, परदेशातल्या खरेदीदाराने हात वर केले. व्यापाऱ्याचे म्हणणे सरळ होते : "साहेब, कंटेनर मी गेटात दिला, पावती घेतली. मग तो माझा कसा?" करारात ‘एफओबी’ ही तीन अक्षरे होती. त्यांचा अर्थ असा की माल जहाजावर चढेपर्यंत तो विकणाऱ्याच्याच जोखमीवर असतो. खरेदीदाराचा विमा जहाजापासून सुरू होत होता, याचा विमा गेटाशी संपत होता. मधले दोन दिवस कोणाचेच नव्हते, म्हणजे त्याचेच होते. पॅकिंग क्रेडिटचे कर्ज त्याने घरच्या पैशातून फेडले.

चूक आमचीही होती. कर्ज देताना आम्ही तारण पाहिले, ताळेबंद पाहिले, जुने व्यवहार पाहिले. ती तीन अक्षरे डोळ्यांखालून गेली आणि आम्ही त्यांच्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

आपल्या जिल्ह्याची केळी ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत आहे आणि ती आता आखाती देशांतही जाते. शेजारच्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रमागवाल्यांपैकी काहीजण परदेशातून जुने माग मागवण्याची चौकशी करतात. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे बरेच लोक या शब्दांचे अर्थ विचारतात, म्हणून हे टिपण. शब्द पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या पोटात एकच प्रश्न असतो : माल कुठपर्यंत कोणाच्या जोखमीवर आहे? तो धरून वाचले तर पाठांतराची गरज पडत नाही.

हे आपल्याला नवे नाही

तापी आपल्या गावावरून वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात मोगलांच्या काळी बुऱ्हाणपूर ते सुरत हा मालाचा मोठा रस्ता होता. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून अजमेरला जाताना येथे थांबला होता. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे की येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असे. एवढ्या लांबचा व्यापार पैशाच्या आणि जोखमीच्या ठरलेल्या पद्धतींवाचून चालणे शक्य नव्हते.

हुंडी सर्वांना माहीत आहे. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायचे ती मुदती. आज बँकेत ‘साइट’ आणि ‘यूजन्स’ म्हणतात ते हेच. पण आणखी एक प्रकार होता, जोखमी हुंडी. माल रवाना करणारा ती काढायचा आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देणे लागायचे. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. ज्याने ती विकत घेतली, त्याने उसनवारीबरोबर विमाही विकला असे समजा. हुंडीची किंमत ठरवताना या जोखमीचा भाव आधीच कापलेला असे.

दुसरा शब्द हुंडेकरी. आज तो बहुधा आडनाव म्हणून भेटतो. माल इथून तिथे पोहोचवण्याचे काम, भाडे आणि वाटेतली सगळी जकात धरून, उक्ते घेणारा तो हुंडेकरी. अशा उक्त्या भाड्याला हुंडाभाडे म्हणत. परदेशी व्यापारात आज ‘डीडीपी’ म्हणतात, त्यात विकणारा अशीच सगळी जबाबदारी उचलतो.

इन्कोटर्म्स : तीन अक्षरांचे करार

पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ साली या संज्ञा पहिल्यांदा छापल्या. सध्या २०२० ची आवृत्ती चालते आणि तिच्यात अकरा संज्ञा आहेत. सात कोणत्याही वाहतुकीला लागू होतात, चार फक्त समुद्र आणि जलमार्गाला. करारात नुसते ‘एफओबी’ लिहून भागत नाही. पुढे जागेचे नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ असे दोन्ही हवे, कारण जोखीम कुठे बदलते ते जागेवर ठरते. मालकी कधी बदलते आणि पैसे कधी मिळतात, याबद्दल मात्र इन्कोटर्म्स काही बोलत नाहीत. ते करारात वेगळे लिहावे लागते.

एक्सडब्ल्यू म्हणजे ‘माल माझ्या गोदामात आहे, घेऊन जा’. ऐकायला विकणाऱ्याच्या सोयीचे. पण निर्यातीची कस्टमची कागदपत्रेही मग खरेदीदाराने करायची असतात आणि परदेशातला माणूस ती इथे करू शकत नाही. शेवटी ती विकणाराच करतो, फक्त कराराबाहेर. आम्ही ही संज्ञा निर्यातीसाठी सुचवत नाही.

आता एफओबी आणि एफसीए. केळीवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एफओबीत जोखीम माल जहाजावर ठेवला गेल्यावर बदलते. पोती आणि गासड्या थेट जहाजात चढत होत्या तेव्हा हे ठीक होते. कंटेनर तसा चढत नाही. तो आधी टर्मिनलच्या ताब्यात जातो, तिथे एक-दोन दिवस, कधी जास्त, उभा राहतो आणि मग जहाजाची क्रेन त्याला उचलते. त्या काळात माल विकणाऱ्याच्या नजरेआड असतो आणि जोखीम त्याच्याच डोक्यावर. एफसीएत, ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम बदलते. म्हणून चेंबरचीच शिफारस आहे की कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी एफसीए वापरावे. तरीही बाजारात सर्रास एफओबीच लिहितात, कारण वडील लिहीत होते. आमच्या त्या व्यापाऱ्याने पुढच्या हंगामात एफसीए मागितले. खरेदीदाराने कुरकुर केली, भाव थोडा पाडून मागितला, पण मान्य केले.

सीआयएफ ही सर्वांत फसवी संज्ञा. यात विकणारा समुद्राचे भाडे भरतो आणि विमाही काढतो. त्यामुळे माल पोहोचेपर्यंत जोखीम त्याचीच, असे दोन्ही बाजूंना वाटते. तसे नाही. खर्च पोहोचण्याच्या बंदरापर्यंत विकणाऱ्याचा, पण जोखीम जहाजावर चढतानाच खरेदीदाराकडे गेलेली असते. विमा त्याच्यासाठी काढलेला असतो. आणि हा विमा किती असावा, तर सीआयएफमध्ये किमान, म्हणजे ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी’ एवढाच बंधनकारक आहे. त्यात आग, जहाज बुडणे, धडकणे अशा ठरावीक आपत्ती येतात. थंडाव्याचे मशीन बंद पडून फळ पिकले तर ‘सी’ कामाचा नाही. नाशवंत मालाला वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. सीआयएफची जुळी बहीण सीआयपी, तिच्यात २०२० पासून ‘ए’ म्हणजे जास्त व्यापक विमा बंधनकारक झाला आहे. सीएफआर म्हणजे विमा वगळून सीआयएफ.

डीएपीत माल खरेदीदाराच्या ठरलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत सगळे विकणाऱ्याचे, आयात शुल्क मात्र खरेदीदाराचे. डीडीपीत तेही विकणाऱ्याचे. दुसऱ्या देशाचे कर आधी पक्के कळत नसतील तर डीडीपी घेऊ नये.

कंटेनर

वीस फुटी कंटेनरला एक टीईयू मोजतात, चाळीस फुटी म्हणजे दोन. पूर्ण कंटेनर एकाच व्यापाऱ्याचा असेल तर एफसीएल, अनेकांचा माल एकत्र भरला तर एलसीएल. केळीसाठी रेफर लागतो, म्हणजे स्वतःचे थंडावा यंत्र असलेला कंटेनर. चाळीस फुटी उंच रेफरमध्ये साधारण वीस टन केळी बसते. तापमान तेरा-चौदा अंशांवर ठेवतात. त्याखाली गेले तर सालीवर काळपट झाक येते आणि नंतर केळे नीट पिकत नाही. वर गेले तर वाटेतच पिकते. जास्त थंड म्हणजे जास्त टिकाऊ असे समजून कोणी यंत्र दहावर लावले तर नुकसान नक्की. कंटेनरमध्ये तापमान नोंदणारे छोटे यंत्र जरूर ठेवावे. वाद झाला तर त्याच्या नोंदीवरून मशीन कधी बंद पडले ते कळते. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात, जहाज कंपनीला आधी कळवणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे ती बिल्टी नव्हे

ट्रान्सपोर्टवाला ट्रक भरून बिल्टी देतो, ती माल मिळाल्याची आणि पोहोचवण्याची पावती. बिल ऑफ लेडिंग, बोलण्यात बीएल, तीन कामे करते. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालाच्या हक्काचा दस्तऐवज. तिसरे काम महत्त्वाचे. मूळ बीएल ज्याच्या हाती, त्याला माल. ‘टू ऑर्डर’ असे लिहिलेले बीएल पाठीमागे सही करून, चेकसारखे, दुसऱ्याला देता येते. म्हणून बँक त्याच्यावर कर्ज देते. आपल्याकडे यासाठी १८५६ सालचा कायदा चालत आला होता, त्याची जागा ‘बिल्स ऑफ लेडिंग ॲक्ट, २०२५’ ने घेतली.

बहुधा तीन मूळ प्रती निघतात आणि एका प्रतीवर माल सुटला की बाकीच्या निकामी होतात. म्हणून बँक पूर्ण संच मागते. ‘क्लीन’ बीएल म्हणजे ज्यावर पेट्या फुटल्या, ओल्या होत्या असा शेरा नाही. ‘हाऊस’ बीएल फ्रेट फॉरवर्डर देतो, ‘मास्टर’ बीएल जहाज कंपनी देते. पैसे ज्या कागदावर मिळणार आहेत त्यात कोणते चालते ते आधी पाहावे. विमानाच्या मालाला एअर वे बिल मिळते. ते हक्काचा दस्तऐवज नाही. नाव ज्याचे, त्याला माल मिळतो, मूळ कागद हाती असो वा नसो.

केळीच्या बाबतीत एक अडचण आहे. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून आखातात जहाज थोड्या दिवसांत पोहोचते. बँकेमार्फत पाठवलेली कागदपत्रे त्याच्या मागून पोहोचतात. फळ थांबत नाही. म्हणून व्यापारी बीएल ‘सरेंडर’ करतात, म्हणजे मूळ प्रती इथेच जहाज कंपनीला परत देतात आणि तिकडे कागदाविना माल सुटतो. सोयीचे आहे, पण त्या क्षणी मालावरची आपली पकड सुटते. पुढे फक्त खरेदीदाराचा शब्द उरतो. सरेंडर करायचेच असेल तर आधी आगाऊ रक्कम मोठी घ्यावी, किंवा ईसीजीसीचे संरक्षण घ्यावे. परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणारी ही सरकारी कंपनी १९५७ पासून काम करते आहे. ओळखीचा माणूस, गावातल्याच कोणाचा तरी नातेवाईक, एवढ्या आधारावर पाठवलेले कंटेनर आम्ही पाहिले आहेत. काहींचे पैसे आलेही.

बँकेचा भाग

एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, हे खरेदीदाराच्या बँकेचे वचन आहे : ठरलेली कागदपत्रे बरोबर आणा, पैसे आम्ही देऊ. याचे जागतिक नियम ‘यूसीपी ६००’ या नावाने २००७ पासून लागू आहेत. बँक कागद पाहते, माल पाहत नाही. केळी उत्तम पण कागदात चूक, तर पैसे अडतात. कागद बरोबर पण केळी खराब, तर पैसे मिळतात. लोकांना हे अन्यायाचे वाटते, पण हजारो मैलांवरच्या बँकेला केळी चाखता येत नाही.

चुका बहुधा साध्या असतात. जहाजाची तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेनंतरची, इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीशी न जुळणारे, कागद उशिरा सादर. एलसीत वेगळे लिहिले नसेल तर माल चढल्यापासून एकवीस दिवसांत आणि एलसीची मुदत संपण्यापूर्वी कागद बँकेत यायला हवेत. एलसी आली की ती वाचून, न जमणारी अट लगेच बदलून घ्यावी. माल निघाल्यावर खरेदीदार बदल का करील?

एलसी नसेल तर कागद वसुलीसाठी पाठवतात. डीपीत पैसे दिल्यावरच कागद मिळतात. डीएत खरेदीदार मुदतीच्या हुंडीवर सही करतो आणि कागद घेऊन जातो. दर्शनी आणि मुदती, पुन्हा तेच. पहिल्या व्यवहारात डीए देऊ नये, असे आम्ही चाळीस वेळा सांगितले असेल.

कस्टम

कस्टमला मराठीत सीमाशुल्क म्हणतात, बोलण्यात जकात. गावाच्या वेशीवर भरायची तीही जकातच होती, आपल्या इकडे हिंदीत तिला चुंगी म्हणत. ‘टॅरिफ’ या इंग्रजी शब्दाचे मूळ अरबी आहे आणि आपल्या ‘तारीफ’चेही त्याच घराण्यातले. मूळ अर्थ जाहीर करणे, माहिती देणे.

कस्टमचा आपला कायदा १९६२ चा आहे. निर्यातीसाठी भरायचा तो शिपिंग बिल, आयातीसाठी बिल ऑफ एंट्री. नावात बिल असले तरी पैसे मागणारी ही बिले नव्हेत, ती आपली घोषणापत्रे आहेत आणि त्यातल्या चुकीला आपण जबाबदार. कस्टमची तपासणी होऊन माल जाऊ देण्याचा हुकूम मिळतो त्याला एलईओ म्हणतात. हे काम परवानाधारक कस्टम ब्रोकर करतो, ज्याला जुने लोक अजून सीएचए म्हणतात. त्याआधी आयईसी हवा, तो आता पॅन क्रमांकाशी जोडलेला असतो, आणि आपल्या बँकेचा एडी कोड कस्टमकडे नोंदलेला हवा. हा कोड नसल्यामुळे पहिला कंटेनर अडलेला आम्ही पाहिला आहे, आणि तो बँकेतून मिळणारा एका पत्राचा विषय आहे. फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे फायटोसॅनिटरी, लागतेच. समुद्रापर्यंत न जाता कस्टमचे काम उरकायचे तर कोरडे बंदर, म्हणजे आयसीडी, असते. मध्य प्रदेशात पीथमपूरला आहे.

प्रत्येक मालाला एचएस कोड असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात. केळी ०८०३ मध्ये, माग ८४४६ मध्ये, सुती कापड ५२ व्या प्रकरणात. शुल्काचा दर या आकड्यांवर ठरतो, म्हणून ब्रोकरवर सोडून न देता स्वतः पाहावा.

आयात शुल्क कशावर लागते, याचा गैरसमज फार. माग परदेशात दहा लाखांना ठरला म्हणजे दहा लाखांवर शुल्क, असे नाही. भाडे आणि विमा धरून होणाऱ्या सीआयएफ किमतीवर लागते. समुद्राच्या भाड्याचा आकडा नसेल तर कस्टम एफओबी किमतीच्या वीस टक्के धरते, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. समजा सीआयएफ बारा लाख झाली. उदाहरणापुरते मूळ शुल्क साडेसात टक्के धरू : ९०,००० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार : ९,०००. आता या सगळ्यासह १२,९९,००० वर आयजीएसटी अठरा टक्के : २,३३,८२०. एकूण ३,३२,८२० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, बाकीचे खर्चात जाते. डॉलरचा दर बँकेचा नाही, कस्टमने जाहीर केलेला धरतात. वापरलेले यंत्र असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचे मूल्यांकन लागते. घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. स्वस्त माग या पायरीवर महाग झालेले आहेत.

थांबण्याचे पैसे

डेमरेज आणि डिटेन्शन हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. जहाज कंपनी काही दिवस मोफत देते. त्यानंतर भरलेला कंटेनर बंदरातच पडून राहिला तर डेमरेज. बंदरातून नेला पण रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन. याशिवाय जागेचे भाडे बंदर किंवा सीएफएस वेगळे लावते. एकाच उशिराचे तीन बिले येऊ शकतात, आणि रेफर असेल तर विजेचे चौथे. बिल ऑफ एंट्री वेळेत न भरल्याचा कस्टमचा आकार वेगळाच : पहिले तीन दिवस रोज ५,०००, नंतर रोज १०,००० रुपये. मोफत दिवस किती, हे भाडे ठरवतानाच लेखी घ्यावे. पाच आहेत की चौदा, यावर भाड्यातल्या सवलतीपेक्षा जास्त पैसे ठरतात.

जनरल ॲव्हरेज

शेवटचा शब्द कमी ऐकू येतो, पण आला की दचकवतो. ‘ॲव्हरेज’चे मूळ नुकसान या अर्थाच्या अरबी शब्दात सांगतात, सरासरी हा अर्थ नंतरचा. वादळात जहाज वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात टाकला, तर ज्यांचा माल वाचला त्यांनीही त्या नुकसानीत आपल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटा उचलायचा, हा समुद्राचा फार जुना नियम. तो आजही लागू आहे. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे सुमारे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि २९ मार्चला निघाले. त्यानंतर जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले. जहाजावर हजारो कंटेनर होते आणि त्यांच्या मालकांचा या अपघाताशी काही संबंध नव्हता. तरीही वाट्याची हमी दिल्याशिवाय अशा वेळी माल हाती येत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. विमा नसेल तर रोख अनामत भरावी लागते, आणि हिशेब पूर्ण व्हायला वर्षे लागू शकतात.